भूपट्ट समजून घ्यायचेत? आधी विहिरीत डोकावा

मी शाळेत भूगोल शिकवतो, पण माझी पदवी मराठीची. एका वर्षी शिक्षक कमी पडले आणि नववीचा भूगोल माझ्या गळ्यात आला. भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या कडक कवचाच्या तुकड्यांच्या, हालचालींमुळे पर्वत, सागरी गर्ता आणि ज्वालामुखी तयार होतात, असं मी फळ्यावर लिहिलं. पोरांनी निमूट उतरवून घेतलं. मागच्या बाकावरची एक पोरगी उठली आणि म्हणाली, "सर, मग आपल्याकडं काय तयार झालं?"

मला उत्तर येईना. आपल्याकडे मराठवाड्यात ना हिमालय, ना समुद्र, ना ज्वालामुखी. खिडकीतून बघावं तर सोयाबीन आणि तूर.

ते उत्तर हाती लागायला मला दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या. त्यातला निम्मा वेळ चुकीच्या जागी, चुकीच्या दिवशी आणि चुकीच्या नोट्स वाचण्यात गेला. तुमचा तो जाऊ नये म्हणून हे लिहितोय. शिक्षक असाल, स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल किंवा नुसतं कुतूहल असेल, तर याच क्रमाने जा.

१. सामान आणि कागदपत्रं

यादी छोटी आहे.

• दहापट मोठं दाखवणारं भिंग, सराफाकडे असतं तसं
• पाण्याची जास्तीची एक बाटली, कारण ओला केल्याशिवाय दगड बोलत नाही
• लोहचुंबक, बॅटरी, दोरी, वही
• एक लिंबू (कशाला ते पुढे येईल)
• ओळखपत्र

हातोडा घरीच ठेवा. अजिंठा-वेरूळला दगडावर ओरखडा काढणंसुद्धा गुन्हा आहे. इतर ठिकाणी रस्त्याच्या कामात किंवा खदानीत फुटलेला दगड ढिगाने पडलेला असतो. खदानीत शिरायचं तर आधी मालकाला विचारा आणि सुरुंगाची वेळ कोणती तेही विचारून घ्या.

नकाशे फुकट मिळतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं की आपल्या तालुक्याचा नकाशा उतरवता येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' या संकेतस्थळावर कुठे कोणता खडक आहे ते रंगांत दाखवलेलं असतं. तो नकाशा उघडाल तर जवळजवळ सगळा मराठवाडा एकाच रंगात दिसेल. संगणक बिघडलेला नाही. तो रंग बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा.

२. घरी बसून: शेत आणि बांध

बाहेर पडण्याआधी एवढं डोक्यात पक्कं करा. पृथ्वीचं वरचं कडक आवरण साधारण शंभर किलोमीटर जाडीचं आहे आणि ते एकसंध नाही. त्याचे सात मोठे आणि बरेच लहान तुकडे आहेत. हे तुकडे म्हणजे भूपट्ट. भूपट्ट आणि खंड या वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. आपल्या भारतीय पट्टात जमीन आहे आणि हिंदी महासागराचा मोठा तळही आहे.

मला हे शेताच्या हिशोबात समजलं. एकाच शेतात सहसा भांडण नसतं, भांडण बांधावर होतं. भूकंप आणि ज्वालामुखीही बहुतेक बांधावरच. आपल्या पट्टाच्या चार बाजूंना तीन तऱ्हेचे बांध आहेत. नैर्ऋत्येला समुद्राच्या तळावर कार्ल्सबर्ग नावाची डोंगररांग आहे. तिथे दोन पट्ट एकमेकांपासून दूर जातात आणि फटीतून नवा तळ तयार होतो. उत्तरेला आपला पट्ट आशियाला भिडलाय, त्या चेपाचेपीतून हिमालय वर आला. पूर्वेला अंदमान-सुमात्राजवळ समुद्राचा तळ दुसऱ्या पट्टाखाली शिरतो. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी तिथलीच. वायव्येला चमन भ्रंश नावाच्या लांबलचक भेगेवर पट्ट एकमेकांना घासत जातात.

इथे पहिला खड्डा आहे आणि मी त्यात पडलो होतो. पट्ट लाव्हाच्या समुद्रावर तरंगतात, असं कितीतरी नोट्समध्ये छापलेलं असतं. ते चूक आहे. खालचं प्रावरण, म्हणजे कडक आवरणाखालचा जाड थर, घन आहे, फक्त अतिशय सावकाश वाहणारं घन. थंडीत रस्त्याच्या कडेला पडलेला डांबराचा पिंप आठवा. त्यातल्या डांबरावर हातोडा मारला तर टवका उडतो, पण पिंप आडवा पडून राहिला तर महिन्याभराने डांबर बाहेर ओघळलेलं असतं. प्रावरण त्याच जातीचं, फक्त महिन्याच्या जागी लाखो वर्षं धरा.

मग पट्टांना हलवतं कोण? समुद्राचा जुना, थंड होऊन जड झालेला तळ गर्तेत बुडतो आणि मागच्या पट्टाला ओढतो. खाटेवरची गोधडी एका बाजूने घसरायला लागली की उरलेली आपोआप ओढली जाते, तसं. पोरांना हे उदाहरण द्या, पुन्हा सांगावं लागत नाही.

आता कॅल्क्युलेटर काढा. आपला पट्ट वर्षाला साधारण पाच सेंटीमीटर ईशान्येकडे सरकतो. आशियाशी टक्कर सुरू झाली सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी. गुणाकार केला की अडीच हजार किलोमीटर येतात. टकरीआधी हा वेग याच्या कितीतरी पट होता. एका विद्यार्थ्याने विचारलं होतं, "मग लातूर पुण्यापासून लांब चाललंय का?" नाही. दोन्ही गावं एकाच शेतात आहेत, शेतच चाललंय.

३. विहीर

हा या सगळ्यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा. वेळ कमी असेल तर बाकीचं सोडा, पण हा सोडू नका.

नवी, खोदकाम चालू असलेली विहीर शोधा. बांधलेली विहीर उपयोगाची नाही, दगडी कडं थर झाकून टाकतं. एप्रिल-मेमध्ये कोणत्याही गावात एखादी तरी यारी (विहिरीतला दगड वर ओढणारं यंत्र) लागलेली असतेच. मालकाची परवानगी घ्या आणि मुकादमाशी आधी चहा घ्या. सकाळी नऊ-दहाच्या सुमाराला जा. मी पहिल्यांदा पहाटे गेलो तर सगळी विहीर अंधारात. दुसऱ्यांदा दुपारी बाराला गेलो तर डोळ्यांपुढे नुसता लखलखाट. काठावर उभं राहून पाहा, खाली उतरायची हौस नको. सुरुंग उडवल्यानंतरच्या विहिरीत तर मुळीच नको. तिथे सुटलेला दगड आणि कोंडलेला धूर, दोन्ही जीव घेतात.

वरून खाली वाचत जा. सर्वांत वर काळी माती. तिच्या तळाशी पांढरे खडे दिसतील, ती चुनखड. एक खडा कुटून त्यावर लिंबू पिळा, बारीक बुडबुडे येतील. मग पिवळसर मुरूम. मग भोकाभोकांचा, हाताने खरवडता येणारा दगड. त्याच्याखाली ठोकळ काळा पाषाण, ज्यावर पहार टणत्कार करते.

त्या मुकादमाला मी म्हटलं, "मामा, इतक्या विहिरी खांदल्या, खाली काय काय लागतं?"

मामांनी तंबाखू मळता मळता पाषाणाच्या खालचा पट्टा दाखवला. वीतभर जाडीचा, विटकरीसारखा तांबडा, सगळ्या विहिरीभोवती करदोड्यासारखा फिरलेला. "हे तांबडं लागलं की समजायचं मास्तर, एक मजला संपला. आता पुन्हा भोकाचा दगड, पुन्हा काळा, पुन्हा तांबडं. पाणी लागलं तर याच्या वरच्या अंगाला लागंल. ह्यातून खाली पाझरत नाही ते."

मामांना 'लाव्हाप्रवाह' हा शब्द माहीत नव्हता, पण सगळा धडा त्यांनी सांगून टाकला होता. एकेक मजला म्हणजे एकेक लाव्हाप्रवाह. लाव्हा पसरला की त्यातला वायू वर येतो आणि बुडबुडे वरच्या भागात अडकून पडतात, म्हणून वरचा दगड भोकाचा. मधला भाग सावकाश थंड होतो, म्हणून तो घट्ट. त्यानंतर पुढचा लाव्हा येईपर्यंत मध्ये बराच काळ गेला. त्या काळात पाऊस पडला, दगड कुजून त्याची माती झाली. मग पुढचा तापलेला लाव्हा तिच्यावर आला आणि ती भाजून निघाली. तो तांबडा पट्टा म्हणजे दोन लाव्हांमधले पावसाळे आहेत. मी वहीत तसंच लिहून घेतलं आणि त्याच्यापुढे माझ्या नववीतल्या विद्यार्थिनीचं नाव टाकलं.

खाली उतरून पट्ट्याला भिंग लावून बघायचा मोह होईल. त्यापेक्षा यारीने वर आलेल्या ढिगाऱ्यात तांबडा ढेकूळ सापडतो, तो घ्या. भोकाचा दगड पाण्याने ओला करून भिंगाखाली धरा. कित्येक भोकांत पांढरे, कधी हिरवट स्फटिक भरलेले असतात. पोरं ज्यांना गारा म्हणून खिशात भरतात, त्यांत झिओलाइट असतात, गारगोटी असते आणि कॅल्साइटही असतो. दगड विझल्यानंतर त्यातून फिरलेल्या पाण्याने ते तिथे ठेवले. मग जवळच्या ओढ्यातली कोरडी वाळू घ्या आणि चुंबक फिरवा. काळे कण मिशीसारखे चिकटतील, तो याच दगडातला मॅग्नेटाइट.

आपली काळी माती म्हणजे याच पाषाणाचा झिजून झालेला भुगा. आणि आपली टंचाईसुद्धा थोडी इथलीच आहे. घट्ट पाषाणात पाणी साठायला जागा नाही, ते फटींत आणि कुजलेल्या भागातच राहतं. पाऊस दगा देतो हे खरं, उसाला किती पाणी जातं तेही खरं, पण २०१६ साली मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावं लागलं त्यात या दगडाचाही वाटा होता. शेजारी दोनशे फुटांवर पाणी लागतं आणि आपला सातशे फुटांचा बोअर धूळ ओकतो, त्याचं कारण पाणाड्याच्या नारळात नसतं, फट कुठे गेलीय त्यात असतं.

४. अजिंठा आणि वेरूळ: लेणी नव्हे, दगड बघायला

अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. मी वेरूळला मंगळवारी पोचलो होतो, लातूरहून, दोन गाड्या बदलून. ज्याने सुट्टीचा दिवस आधी बघितला नाही त्याने बाहेर बसून कणीस खाल्लं.

अजिंठ्याला वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखा कडा कोरलाय. समोरच्या टेकडीवरून बघा, पुस्तकांची चळत ठेवल्यासारखे आडवे थर दिसतील. लेण्यांच्या पलीकडे नदी सातकुंडावरून टप्प्याटप्प्याने उतरते, एकेक टप्पा म्हणजे घट्ट थराची कड. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, आणि हा शब्द पायऱ्या या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलाय. क्रमांक चारच्या लेण्यात गर्दी चित्रं शोधते, तुम्ही छताकडे बघा. लाव्हा वाहतानाच्या खुणा तिथे अजून आहेत. वेरूळला कैलास लेण्याच्या कड्यावर उभं राहिलात की लक्षात येईल, वरून खाली एवढं देऊळ कोरायचं तर दगड जाडजूड आणि फारसा न भंगलेला हवा. आठव्या शतकातल्या त्या पाथरवटांना थरांची जाण माझ्यापेक्षा नक्कीच जास्त होती.

आता मूळ प्रश्न: एवढा लाव्हा आला कुठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. पट्ट उत्तरेकडे निघाला होता आणि वाटेत तो प्रावरणातल्या एका तप्त जागेवरून गेला. ती जागा आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे आणि त्या बेटावरचा ज्वालामुखी अजूनही जागृत आहे. चुलीतला आर जागेवर आणि भाकरी मात्र हळूहळू पुढे सरकवली, तर भाकरीवर डागांची ओळ उमटेल. तशीच ओळ समुद्रात आहे: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस, रियुनियन. त्या भाकरीवरचा सर्वांत मोठा डाग म्हणजे आपलं दख्खन. आज उरलेला बेसाल्टच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतो.

इथे दोन गफलती होतात. एक म्हणजे डोंगराचा शंकू शोधणं. मी देवगिरीच्या टेकडीला बरीच वर्षं ज्वालामुखी समजत होतो. इथला लाव्हा बहुतेक जमिनीच्या लांबलचक भेगांतून आला आणि पुरासारखा पसरला. देवगिरीचा डोंगर म्हणजे आजूबाजूचे थर झिजल्यावर मागे राहिलेला तुकडा. दुसरी गफलत लोणारची. लोणार शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे, गोल आहे, बेसाल्टमध्ये आहे, पण ज्वालामुखी नाही. ते उल्काघाताचं विवर आहे, त्याचा भूपट्टांशी काही संबंध नाही. परीक्षेत यावर हमखास मार्क जातात.

५. रेल्वेच्या पिवळ्या पाट्या

हा टप्पा स्वस्तातला. दिवसाची नांदेडकडे जाणारी गाडी पकडा आणि मनमाडपासून प्रत्येक स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची वहीत टिपत चला. छत्रपती संभाजीनगरला आकडा साडेपाचशे मीटरच्या वर असतो. जालना, परभणी करत नांदेडला याल तेव्हा तो साडेतीनशेच्या आसपास उतरलेला असतो. मध्ये थोडं वर-खाली होईल, त्याने गोंधळू नका.

गोदावरीचं कोडं या उतारात सुटतं. त्र्यंबकेश्वरहून अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटर, तरी नदी पाठ फिरवून दीड हजार किलोमीटरच्या आसपास चालत बंगालच्या उपसागराला जाते. कारण पश्चिमेची कड पट्ट फाटताना तयार झाली. आधी मादागास्कर तुटलं, मग सेशेल्स. फाटलेली कड उंच राहिली, ती आजची सह्याद्रीची भिंत, आणि पठार पूर्वेकडे कललं. पैठणला नाथांच्या घाटावर पाण्याकडे बघत बसाल तेव्हा ते पाणी पूर्वेकडेच का जातंय, याचा निर्णय कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राकाठी झालेला आहे.

६. देगलूरकडे एक चक्कर

ज्यांना सवड आहे त्यांच्यासाठी. नांदेडच्या आग्नेयेला, बिलोली-देगलूरच्या बाजूला बेसाल्टचं पांघरूण संपतं. रस्त्याकडेला काळ्याऐवजी गुलाबी-राखाडी, चकाकणाऱ्या कणांचे गोलसर धोंडे दिसू लागतात. तो ग्रॅनाइट. साधारण अडीचशे कोटी वर्षं जुना, म्हणजे आपला पाषाण त्याच्यापुढे कालचं पोर. लातूरच्या किंवा परभणीच्या खाली खोलवर अशाच जातीची जमीन आहे. हात लावून या, पुढच्या टप्प्याला ते लागणार आहे.

किनवट तालुक्यात उनकेश्वरला गरम पाण्याची कुंडं आहेत. तिथे खाली ज्वालामुखी असल्याचं कुणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. पाणी फटींतून खोल जातं, तापतं आणि वर येतं, एवढंच.

७. किल्लारी

इथे शेवटी जा आणि सहलीसारखं जाऊ नका.

३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा सहावीत होतो, अंबाजोगाईच्या अलीकडच्या एका खेड्यात. मांडणीवरचे डबे एकापाठोपाठ एक खाली आले आणि आजीने अंधारात माझं मनगट धरून मला ओसरीवरून अंगणात ओढलं. तिच्या बांगडीचा ओरखडा आठवडाभर राहिला. आमच्याकडे तेवढंच झालं. किल्लारी, सास्तूर आणि तेरणाकाठच्या गावांत जवळपास दहा हजार माणसं गेली.

भूकंप ६.२ तीव्रतेचा होता. जगात असे भूकंप दर वर्षी बरेच होतात. मग इथेच एवढा संहार का? एक कारण, तो उथळ होता. दुसरं कारण माळवदाची घरं. हातभर जाडीच्या दगडमातीच्या भिंती, त्यांवर लाकडाच्या तुळया आणि वर फूटदीड फूट मातीचं ओझं. भिंतीच्या आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. उन्हाळ्यात गारवा देणारं तेच छत झोपलेल्यांवर आलं.

आता बांधाचं उदाहरण पुन्हा काढा, कारण ते इथे तोकडं पडतं. किल्लारी बांधावर नाही, शेताच्या मध्यावर आहे. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात (झोनमध्ये) होता. पण उत्तरेच्या बांधावर आशियाशी चाललेल्या रेटारेटीचा ताण सगळ्या पट्टभर पसरतो. जमिनीखालच्या जुन्या, कमजोर भेगांवर तो साचत राहतो आणि कधीतरी एखादी भेग सरकते. किल्लारीत जमीन दाबली जाऊन एक बाजू दुसरीवर चढली. ही भेग आधी कुणाला का दिसली नाही? कारण वर बेसाल्टचं पांघरूण होतं. नंतर तिथे खोल बोअर घेतला, तेव्हा साधारण ३४० मीटरवर बेसाल्ट संपला आणि खाली देगलूरकडे दिसतात तसले पुराणे खडक लागले. २००२ च्या सुधारित नकाशात हा भाग तिसऱ्या क्षेत्रात घेतला गेला.

२०२४ साली मार्चमध्ये आणि जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात साडेचार तीव्रतेच्या आसपासचे धक्के बसले. वसमत, औंढा भागातले लोक जमिनीतून गूढ आवाज येतात म्हणतात, त्याची चेष्टा करू नका. लहान धक्क्यांबरोबर असे आवाज येतात. धक्का जाणवला तर राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर त्याची वेळ आणि तीव्रता थोड्या वेळात दिसते. ती बघा, पण उद्या किती वाजता पुन्हा येणार हे सांगणारा मेसेज पुढे पाठवू नका. भूकंपाची वेळ आधी सांगणं आजवर कुणालाही जमलेलं नाही.

जुन्या गावाच्या जागी पडक्या भिंतींवर चढून फोटो काढू नका. कुणी बोलायला थांबलं तर थांबा, पण आकडे विचारू नका. मला एका आजोबांनी स्वतःहून त्यांचा वाडा कुठे होता ते काठीने जमिनीवर आखून दाखवलं, दार, ढेलज, न्हाणी, सगळं. मग म्हणाले, "भिंत जाड तेवढं घर पक्कं, असं वाटायचं आम्हाला."

तिथून पुनर्वसित गावात चालत जा आणि भूकंपानंतर बांधलेलं एखादं घर रस्त्यावरूनच बघा. दारं-खिडक्यांच्या डोक्यावरून, भिंतींना एकत्र बांधून ठेवणारी काँक्रीटची पट्टी चारही भिंतींना न तुटता फिरलेली आहे का ते शोधा. कोपऱ्यावर ती वळलेली दिसली पाहिजे. मग आपल्या गावी परत या, स्वतःच्या घराभोवती एक फेरी मारा आणि तीच पट्टी तिथे शोधा.